चार इंची कोबा

माझ्या लॅपटॉपवर 'रॅम्प फायनल फायनल ३' नावाची एक एक्सेल शीट आहे. ती डिलीट करवत नाही. तिच्यात अगदी खाली, पिवळ्याधमक चौकोनात एक आकडा आहे : १८. अठरा गोण्या सिमेंट. हा आकडा चुकला, आणि तोसुद्धा भर मे महिन्यात, भर दुपारी, शेजारची चार घरं गडग्यावरून बघत उभी असताना.

आधी थोडं बॅकग्राउंड. मी हिंजवडीत नोकरी करते आणि माझं कामच मुळी एस्टिमेशनचं आहे. क्लायंटला अमुक सॉफ्टवेअर हवंय, तर त्याला किती माणसं लागतील, किती दिवस लागतील, ते सांगायचं. सहा वर्षं हेच करतेय. त्यामुळे बाबांसाठी गावच्या घराला रॅम्प करायचं ठरलं तेव्हा 'हिशेब माझ्याकडे' असं मीच जाहीर करून टाकलं. कुणी मागितला नव्हता.

घर संगमेश्वर तालुक्यात. चिऱ्याचं, पुढे पडवी, पडवीपुढे खळं. खळं म्हणजे अंगणच, पण त्याला अंगण म्हटलेलं आमच्याकडे कुणाला आवडत नाही. जोतं दीड फूट उंच, म्हणजे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या. गेल्या वर्षी श्रावणात बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. कळतं सगळं, पण शब्द सापडत नाही. सापडलाच तर एकच, आणि तोही अर्धामुर्धा. व्हीलचेअर आली, आणि त्या तीन पायऱ्यांचा डोंगर झाला. डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे दोघांनी खुर्ची उचलून खाली उतरवायची. आई एकदा फोनवर म्हणाली, "खुर्ची उचलली ना, की ते डोळे गच्च मिटून घेतात गं." मी त्याच रात्री एक्सेल उघडलं.

आता फंडा समजून घ्या, उद्या तुम्हालाही गच्चीवर, गावाला, कुठेतरी लागेलच. व्हीलचेअरचा उतार एकास बारा असावा, असा सर्वसाधारण नियम. म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट लांब रॅम्प. रुंदी चार फूट. वर पडवीपाशी खुर्ची वळवायला पाच बाय पाचचा सपाट चौथरा. शिवाय रॅम्पच्या पायथ्यापासून बेड्यापर्यंत तीस फूट लांब, चार फूट रुंद पायवाट, कारण खळ्यातल्या मातीत चाकं रुततात. बेडं म्हणजे आमचं फाटक. सगळीकडे जाडी चार इंच. हे चार इंच मी एका व्हिडिओतून उचलले होते.

पहिलीच उडी चुकली. रॅम्प बाजूने बघितला तर त्रिकोण दिसतो, म्हणून मी तो अख्खा त्रिकोण काँक्रीटने भरला. ५४ घनफूट! सिमेंटच्या बाराएक गोण्या नुसत्या रॅम्पच्या पोटात. मग कळलं की असं कुणी करत नाही. दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या बुटक्या भिंती घालायच्या, मधे डबर आणि मुरूम टाकून धुमसायचं आणि वरून फक्त चार इंच काँक्रीट. मग त्याच रॅम्पला २४ घनफूट पुरतात. चौथऱ्याचे सव्वाआठ, पायवाटेचे ४०. टोटल सव्वाबहात्तर घनफूट. मीटरवाल्यांसाठी, दोन घनमीटरच्या किंचित वर.

दुसरी चूक जास्त इंटरेस्टिंग आहे. चालण्या-फिरण्याच्या काँक्रीटसाठी एम-२० हे मिश्रण घेतात : एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. एकूण साडेपाच भाग. मी सरळ बहात्तरला साडेपाचने भागलं आणि सिमेंटच्या अकरा गोण्या काढल्या. सिव्हिलवाल्या मैत्रिणीला शीट पाठवली तर तिने नुसते हसणारे चेहरे पाठवले. मग फोन. "चिवडा करताना चार वाट्या पोहे, एक वाटी दाणे आणि एक वाटी डाळं घेतलंस, तर सहा वाट्या चिवडा होतो का?" होत नाही. दाणे-डाळं पोह्यांच्या फटींत जाऊन बसतं. तसंच खडीच्या फटींत वाळू जाते आणि वाळूच्या फटींत सिमेंट. म्हणून ओल्या काँक्रीटच्या घनफळाला आधी १.५४ ने गुणायचं, म्हणजे कोरड्या मालाचं घनफळ मिळतं, आणि मग भाग पाडायचे. एका घनमीटरला आठेक गोण्या सिमेंट लागतं ते यामुळे. उलटं सांगायचं तर पन्नास किलोच्या एका गोणीतून जेमतेम ४.४ घनफूट एम-२० काँक्रीट निघतं. बाकी सगळं विसरलात तरी हा एक आकडा लक्षात ठेवा, मिस्त्रीसमोर सॉलिड इम्प्रेशन पडतं.

तर साडेसोळा गोण्या. सांडलवंड धरून अठरा. वाळू तीस घनफूट, खडी साठ. गावाकडे हा माल ब्रासच्या भावात मिळतो, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. आणि कुणी तीस घनफूट मोजून देत नाही. वाळू अर्धा ब्रास आणि खडी एक ब्रास मागवली, म्हणजे त्या दोन्ही उरणारच होत्या. रेडीमिक्सची गाडी आमच्या पाणंदीत शिरणंच शक्य नव्हतं, आणि दोन घनमीटरसाठी ती कुणी पाठवलीही नसती.

मापं चुलतभावाने टेप लावून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. मिस्त्रींनी मात्र टेप लावलाच नाही. खळ्यातून एकदा बेड्यापर्यंत चालत गेले, परत आले, पायाने दोन-तीन ठिकाणी माती खरवडली आणि फोनवर मला म्हणाले, "ताई, वीस सांगा."

मी म्हटलं, "अहो, हिशेबात साडेसोळा येतायत. अठरा म्हणजे बफर धरूनच आहेत."

"हिशेब बरोबर असंल. जमीन कागदासारखी नाय ना पण. उरली तर बंद गोणी दुकानदार परत घेतो. कमी पडली तर रविवारी कोण देणार?"

आता खरं सांगते, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो 'दोन गोण्या कुणाच्या घरी जाणार?' हाच. शहरात राहून आपण असे झालोय. प्रत्येक मिस्त्री, प्रत्येक मेकॅनिक आपल्याला गंडवायलाच बसलाय. मी अठरावर अडून राहिले. ते म्हणाले, "बरं." त्या 'बरं'मध्ये जे काही होतं ते तेव्हा मला ऐकू आलं नाही.

शनिवारी रात्री मी गावी पोचले. मे महिना, आंबे-फणस, घरभर वास. बाबा पडवीत खुर्चीवर होते. मला बघून हसले, डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "फणस."

स्पष्ट! झटक्यानंतर इतका स्पष्ट शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. आईही आतून धावत आली. "बघ, चार दिवस झाले, सारखं फणस-फणस चाललंय! किती छान बोलतात ना?" रत्नागिरीच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी सांगून ठेवलंय, शब्द आला की एन्करेज करा. आम्ही दोघींनी चक्क टाळ्या वाजवल्या. मग आईने काप्या फणसाचे दोन गरे आणले. "शुगर आहे, पण दोन चालतील." बाबांनी गरा तोंडात घेतला नाही. डाव्या हाताने तो बाजूला सारला आणि हात पुढे केला, खळ्याकडे. "फणस."

"हो बाबा, उद्या अजून आणू," मी म्हटलं. त्यांनी हात खाली घेतला आणि भिंतीकडे बघत बसले. मी चटकन बॅगेतून लॅपटॉप काढला आणि त्यांना शीट दाखवली, इथे रॅम्प, इथे चौथरा, हे बघा. लहान मुलाला चित्रांचं पुस्तक दाखवतात तसं. ज्या माणसाने १९८९ मध्ये हे घर स्वतः उभं राहून बांधून घेतलं त्याला.

रविवारी सकाळी सातला काम सुरू. रॅम्पच्या भिंती आणि भराव आठवडाभर आधीच झालेला होता, धुमसून पक्का. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्या, पाण्याने भरलेली लेव्हलची नळी धरून सूत बांधलं. सूत बांधलं आणि मला जरा धस्स झालं. खळं माझ्या डोळ्यांना टेबलासारखं सपाट दिसत होतं. सुताखाली टेप धरला तर कुठे चार इंच, कुठे पाच, एके ठिकाणी साडेपाच. मिस्त्रींनी पायाने खरवडून जे बघितलं होतं ते हे.

इथे जरा थांबून एक हिशेब सांगते, कारण मला तो आधी सुचला असता तर बरं झालं असतं. लांबी मोजताना माझा एक फूट चुकला असता, तर फरक पडला असता एका गोणीच्या तिसऱ्या हिश्शाचा. टेप आम्ही लांबीला तीन-तीनदा लावला होता! आणि जाडी? माझ्या सगळ्या कामाचं क्षेत्रफळ २१७ चौरस फूट. त्यावर एक इंच जाडी वाढली की अठरा घनफूट वाढतात, म्हणजे चार गोण्या. चारावर एक इंच म्हणजे पंचवीस टक्के. जे माप सगळ्यात लहान, तिथली चूक सगळ्यात महाग. आणि तेच माप मी न मोजता व्हिडिओतून घेतलं होतं.

मिक्सर फिरायला लागला. आधी चौथरा, मग रॅम्प. मी गोण्या मोजत उभी, हातात मोबाइल, कपाळाला स्कार्फ, एकदम साइट इंजिनिअर. मधे एकदा बिगाऱ्याने माल घट्ट झाला म्हणून डबाभर पाणी जास्तीचं ओतलं. मिस्त्री त्याच्यावर असे काही ओरडले की मिक्सरचा आवाज कमी वाटला. गोणीला पंचवीस, फार तर तीस लिटर पाणी. त्यापुढे पाणी घातलं की माल पसरतो छान, पण काँक्रीट कमजोर होतं. गवंडी वाळू मोजतो, खडी मोजतो. पाणी मात्र बहुतेक ठिकाणी डोळ्यांनीच पडतं. आमच्याकडे डब्यावर खडूने रेघ मारलेली होती. हे असं काटेकोर काम बघितलं आणि त्या दोन गोण्यांबद्दल मला पहिल्यांदा लाज वाटली.

रॅम्प आठ गोण्यांत उरकला. दहा उरल्या. पायवाट सुरू झाली. काँक्रीट टाकायच्या आधी मातीवर पाणी शिंपडलं, घमेली जायला लागली, आणि साधारण मध्यावर एका बिगाऱ्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

सगळे थांबले. मिस्त्रींनी पहार घेतली आणि टोचली. पहार सहज हातभर आत गेली. चार फुटांची अख्खी रुंदी आणि लांबीला साडेचार-पाच फूट, एवढा भाग भुसभुशीत. वरून चोपून सारवलेलं, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. मातीत काळपट, कुजक्या लाकडासारखं काहीतरी लागत होतं. मिस्त्रींनी ते बोटांत चुरलं, वास घेतला.

"इथं झाड होतं काय?"

मी आईकडे बघितलं. आईने हातातली चहाची किटली खाली ठेवली आणि तोंडावर हात धरला. "अगं बाई. फणस!"

तो बरका फणस माजघराची दारं करायला १९९६ मध्ये तोडला. मी तेव्हा तीन वर्षांची. बुंधा काढला, खड्डा मातीने बुजवला, मुळं आतच राहिली. दर वर्षी दसऱ्यानंतर बाबा खळं करायला घ्यायचे, आणि त्या एका ठिकाणी दर वर्षी दोन-चार घमेली माती जास्त टाकून चोपायचे. आई म्हणाली, "दर वर्षी म्हणायचे, फणस अजून बसतोय." पंचवीसहून जास्त वर्षं तो फणस बसत होता. हे माहीत असलेला माणूस पंधरा फुटांवर पडवीत बसला होता आणि चार दिवस आम्हाला सांगत होता. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते. सांगायचं तर थोडे सुटल्यासारखे दिसत होते, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

पण काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. पाणी पडलेला माल तासाभरात वापरायलाच हवा, आणि मे महिन्याच्या उन्हात तर त्याच्याही आत. भुसभुशीत माती निघेल तेवढी काढली, डबर आणि चिऱ्याचे तुकडे टाकले, धुमसलं, वर सळईचे उरलेले तुकडे आडवे-उभे जाळीसारखे टाकले. तरीही त्या खड्ड्याने भरपूर माल गिळला. अठरावी गोणी मिक्सरमध्ये गेली तेव्हा बेडं अजून दहा फूट लांब होतं. रविवार. तालुक्याची दुकानं बंद. खडीचा ढीग उरलेला, वाळूचा ढीग उरलेला, आणि सिमेंट शून्य.

मला वाटलं मिस्त्री आता ऐकवणार. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी एक फळी आडवी लावली, तिच्यापर्यंत काँक्रीट सरळ रेषेत कापून घेतलं आणि रंधा मारायला घेतला. मी म्हटलं, "मिस्त्री, चुकलं माझं."

"सांधा हितं द्यायचाच होता, ताई. एवढ्या लांब पट्टीला आठ-दहा फुटांवर सांधा लागतोच, नायतर ती स्वतःच्या मर्जीनं तडकते." मग थोडं थांबून, "वीसमधीपण नसतं भागलं. बावीस गेल्या असत्या. झाडाचं मलाबी कुठं ठावं होतं?"

सोमवारी चार गोण्या आल्या. कडेला सिमेंटचं पाणी मारून उरलेले दहा फूट भरले. हिशेब जुळला : बावीस.

दुपारी सगळे पांगल्यावर मी बाबांच्या खुर्चीशेजारी खाली बसले. काय बोलावं कळेना. सॉरी म्हणणं हा आमच्या घरातला प्रकार नाही. शेवटी विचारलं, "अजून काही आहे का खाली?" त्यांनी बराच वेळ विचार केला. मग डाव्या हाताची दोन बोटं वर केली आणि हात आडवा फिरवला. काहीच कळलं नाही. पूर्वी मी 'हो हो' म्हणून मान डोलावली असती. आता विचारत बसले. दोन झाडं? नाही. दोन फूट? नाही. दोन वर्षं? नाही. वीसेक मिनिटं गेली. आई जेवायला हाका मारत होती. शेवटी 'पाइप?' म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून मान हलवली. दोन पाइप. न्हाणीघरापासून माडांकडे गेलेले, जमिनीत. न्हाणीघराचा कोबा करायचा विचार मी अजून कुणाला सांगितलाही नव्हता.

पाणी मारायचं काम आईने अंगावर घेतलं. किमान सात दिवस काँक्रीट ओलं राहायला हवं, तिने दहा दिवस ठेवलं. मातीची आळी करून पाणी साठवायचं, उतारावर गोणपाट भिजवून पसरायचं, सकाळ-दुपार-संध्याकाळ. एखाद्या व्रतासारखं. वाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून 'पाय नका देऊ हं' असं सांगायची. मी पुण्याहून रोज फोन करायची, ती बाबांच्या तब्येतीआधी कोब्याची तब्येत सांगायची.

पाऊस यायच्या चार दिवस आधी बाबा रॅम्पवरून खाली उतरले. खुर्ची चुलतभावाने धरलेली, मी पुढे उलटी चालत. डोळे उघडे होते. पायवाटेवर मधे त्या सांध्यावरून चाकं जाताना टक्क असा आवाज होतो. तिथे त्यांनी हात वर करून खुर्ची थांबवली, मान वळवून मागे, फणस होता त्या जागेकडे बघितलं, आणि मग 'चला' अशी खूण केली.

दिवाळीत न्हाणीघराचं काम काढलंय. गेल्या शनिवारी गावी गेले होते. या वेळी लॅपटॉप पुण्यातच ठेवला, टेप आणि वही घेतली. सहा बाय पाच, जाडी चार इंच, दहा घनफूट. सव्वादोन गोण्या, म्हणजे तीन. पण पाइपांवर जाडी किती ठेवायची, ढाळ कुठे काढायचा, ते बाबांना विचारायचं ठरवलं होतं. खुर्ची न्हाणीघराच्या दाराशी आणली, टेपचं एक टोक त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन मी आत कोपऱ्यात गेले. ते काहीतरी म्हणाले. कळलं नाही. मी बाहेर आले, पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, चकारातलं काहीतरी. चर? चिरा? चेंबर? मी वही उघडून, पेन्सिल सरसावून, एकदम सिरियस होऊन समोर बसले. खाली चर खणलाय का? चुन्याचं काही आहे का? बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते.

"चहा," आई स्वयंपाकघरातून ओरडली. "चहा मागतायत ते, चहा. चार वाजले."